ओल्या जीन्सचे तीन दिवस

मी आयुष्यातली पहिली जीन्स डोंगरात चालायला म्हणून घेतली, आणि तिच्यात मला जेमतेम अडीच दिवस चालता आलं. त्याआधी आमच्या घरात जीन्स कुणी घातली नव्हती. नाशिकजवळ मखमलाबादच्या रस्त्याला आमचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, वांगी, आणि बांधाच्या कडेनं झेंडू. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना बारा महिने एकाच पोशाखात असत: धुऊन धुऊन मऊ पडलेली लांब बाह्यांची पांढरी पैरण, धोतर आणि डोक्याला गुंडाळलेला पंचा. मे महिन्यात आम्ही पोरं उघडीबंब होऊन गोठ्याच्या सावलीत धापा टाकत असू, तेव्हा हा माणूस गळ्यापासून घोट्यापर्यंत कपड्यात झाकलेला, वांग्याच्या सरीत खाली वाकलेला असे, आणि त्याला विशेष काही होतंय असं वाटत नसे. यातून काही शिकण्यासारखं आहे हे मला दिसलं नाही. मला दिसायचं ते एवढंच, की कॉलेजच्या फाटकाशी नाना सायकल घेऊन आले की लांबूनच कळतं, हे भाजीवाले.

संध्याकाळी घरात जुड्या बांधायचं काम चाले. बाई, म्हणजे आमची आई, ओट्यावर पाय पसरून बसे. शेजारी पाण्याच्या पातेल्यात केळीच्या सोपटाच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. एका हातानं मेथीची मूठ, दुसऱ्या हातानं पट्टीचा वेढा, आणि दातांनी गाठ ओढताना होणारा तो बारीकसा आवाज. त्या आवाजावर मी अभ्यास केला आणि त्याच आवाजावर नापास झालो. चुलीवर वांगी भाजलेली असत. त्यांचं साल काढताना बाई बोटं चटकन कानाच्या पाळीला लावी आणि पुन्हा जुडी हातात घेई, त्यामुळे आमच्या भरिताला मेथीचा आणि मेथीला भरिताचा वास असे. जुड्या बांधून झाल्या की नाना त्या टेम्पोत रचत, वरून ओलं गोणपाट टाकत, आणि मार्केटला पोहोचेपर्यंत वाटेत दोनदा थांबून त्यावर हातानं पाणी शिंपडत. गोणपाट जितकं जाड आणि जितकं ओलं, तितकी कोथिंबीर टवटवीत. आमच्या घरात विज्ञान म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं, आणि माझा त्याच्यावर गाढ विश्वास होता. पुढे जे घडलं ते या विश्वासामुळे.

बी.कॉम. कसंबसं झालं त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. मामा अंबडला एका इंजिनिअरिंग कंपनीत होता. त्यानं साहेबांच्या कानावर घालून माझ्या इंटरव्ह्यूची सोय केली होती. बी.कॉम. होऊन मशिनवर जायचं, म्हणजे हिशेब आणि लोखंड दोन्ही एकदमच माझ्या गळ्यात. मला ते नको होतं. मला काय हवं होतं ते देवरे सरांनी दाखवलं होतं. सर मूळचे सटाण्याचे, नाशकात एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि सुट्ट्यांत लोकांना डोंगरात पायी फिरवायचे. माणसं वाढायला लागली तशी त्यांना हाताखाली एक कायमचा माणूस हवा होता. आधी दिवाळीपासून सुट्टीतल्या सहली, मग पुढे वर्षभर. त्यासाठी त्यांनी मेमध्ये सटाण्याच्या बाजूला, बागलाणात चार दिवसांची पायपीट ठेवली आणि आम्हा दोघांना बोलावलं, मला आणि मनमाडच्या प्रकाशला. अट साधी होती. मे महिन्याचं ऊन, पाठीवर स्वतःचं बिऱ्हाड, चार दिवस. शेवटी सर एकाला निवडणार.

नानांशी या विषयावर माझं बोलणं गोठ्यात झालं. ते धार काढत होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त बादलीतला आवाज ऐकू येत होता. मी बराच वेळ बोललो. निसर्ग, स्वातंत्र्य, असे शब्द त्या गोठ्यात बहुतेक पहिल्यांदाच उच्चारले गेले असतील. म्हैससुद्धा वळून बघायला लागली. शेवटी नाना म्हणाले, "सरांनी घेतलं तर जाय डोंगरात. मी आडवा येणार नाय. नाय घेतलं तर सोमवारी मामाबरोबर अंबड. मधलं कायबी नाय."

म्हणजे चार दिवसांवर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? तो पाणी किती न्यायचं, पाय कसे जपायचे याचा विचार करत बसला असता. मी आपण दिसणार कसे याचा विचार केला.

सरांनी कपड्यांचं तोंडी सांगितलं होतं. सुती, सैल, फिक्या रंगाचं, लांब बाह्यांचं, डोक्याला पंचा. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे हळूहळू नाना उभे राहत होते. चार दिवस नानांसारखं दिसायचं असेल तर मग मळ्यात काय वाईट होतं? शिवाय माझ्याकडे त्याहून वरचा एक पुरावा होता. सीबीएस स्टॅंडवर मी एक गोरा पाहिला होता. उंच, पाठीवर त्याच्याइतकीच उंच सॅक, अंगात काळा टी-शर्ट, खाली घोट्याशी फाटलेली जाड जीन्स. जग पायाखाली घातलेला माणूस असाच दिसतो, असं मी ठरवून टाकलं. तो गोरा बसची वाट बघत बाकावर बसला होता, एक पाऊलही चालत नव्हता, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी सुचलं.

शालिमारजवळ एका हातगाडीवर जीन्सचा ढीग असे. त्यातली सगळ्यात जाड मी निवडली. अंगठा आणि बोटात धरून कापड दाबून पाहिलं, जसं नाना गोणपाट पाहतात तसं. गाडीवाला म्हणाला, फाटणार नाही. तो खोटं बोलला नाही. ती अजूनही कुठेतरी असेल. कमरेला जरा तंग होती, पण तंग म्हणजेच फिटिंग असा तेव्हा समज होता. वरती काळा टी-शर्ट घेतला, बाह्या इतक्या आखूड की दंडाची जी काही बेडकुळी होती तिला मोकळी हवा मिळावी. बाईनं निघताना नानांची एक जुनी पैरण घडी करून पुढे केली. मी म्हणालो, सॅकेत जागा नाही. सॅकेत दोन किलो धपाटे आणि दाढीचं सामान होतं.

हल्ली कॉलेज रोडला असल्या कपड्यांची स्वतंत्र दुकानं निघाली आहेत. लगेच वाळणारं, घाम ओढून घेणारं, ऊन परतवणारं. माझी मुलगी मागे तिथून एक शर्ट घेऊन आली. फिका, सैल, लांब बाह्यांचा. मी हातात घेतला आणि अंगठा आणि बोटात धरून कापड दाबून पाहिलं.

सटाण्याच्या स्टॅंडवर प्रकाश उतरला तेव्हा मला त्याची दया आली. त्याचे वडील, ज्यांना तो दादा म्हणायचा, रेल्वेत रुळांवर काम करायचे. त्यांचाच जुना खाकी सुती शर्ट आणि पॅंट त्यानं घातली होती. दोन्ही दोन मापं मोठी, रंग उडालेला, बाह्या मनगटापर्यंत, गळ्यात टॉवेल. दुपारी रूळ दुरुस्त करायला निघालाय असा दिसत होता. तो माझ्या जीन्सकडे बघून फक्त म्हणाला, "भाऊ, भारी दिसतीय." मी मनातल्या मनात ती जागा माझ्या नावावर केली.

पहिल्या दिवशी अकरा वाजता ऊन खरं सुरू झालं. बागलाणातलं ऊन वरून पडतं तसं जमिनीतूनही वर येतं. काळा टी-शर्ट इस्त्री केल्यासारखा पाठीला चिकटला. जीन्सच्या आत मांड्या शिजत होत्या, आणि उघड्या दंडांवर सॅकेच्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना कातडी लाल होत चालली होती. मी सारखं पाणी पीत होतो. प्रकाश आणि सर मात्र आपले सैल कपडे फडफडवत, न बोलता, एका चालीनं चालत होते. त्या कपड्यांतून वारा आत जायचा आणि बाहेर यायचा. माझ्याकडे आलेला वारा माघारी जायचा.

दुपारी एका डाळिंबाच्या बागेला पाणी सुरू होतं. विहिरीवरची मोटर, पाइपातून पडणारी जाड धार. ती बघून माझ्या डोक्यात आमचा टेम्पो आला, आणि मला एकदम सगळं उलगडलं. जाड कापड आहे. ओलं नाही एवढंच चुकलंय. मी जीन्ससकट धारेखाली बसलो. नखशिखांत भिजलो आणि उठलो.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या सर्वात सुखी अर्ध्या तासांपैकी एक होता. ओल्या जीन्सवर वारा लागत होता आणि आतून गारवा चढत होता. मी कोथिंबिरीची जुडी झालो होतो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मी प्रकाशला शास्त्र समजावून सांगितलं. गोणपाट, बाष्प, टवटवी. सरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. प्रकाशनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चालताना ओलं कापड घासतं भाऊ. आमचे दादा पावसाळ्यात गस्तीवरून येतात तर रडकुंडीला येतात." मी त्याला म्हणालो की रेल्वेची गोष्ट वेगळी. कशी वेगळी ते त्यानं विचारलं नाही, म्हणून मी वाचलो.

संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलो तेव्हा मांड्यांच्या आतल्या बाजूला चुणचुण सुरू झाली होती. देवळाच्या मागे जाऊन पाहिलं. दोन्हीकडे तळहाताएवढा भाग लाल. आपलं चुकलंय हे मला त्या क्षणी पूर्ण कळलं, अगदी स्वच्छ. बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, कसा आहेस, तेव्हा मी म्हणालो, एकदम फ्रेश.

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. कारण एकदा शास्त्र जाहीर केलं की ते मोडता येत नाही, आणि कारण सुकी जीन्स आता ओल्या जीन्सपेक्षा जास्त लागत होती. दिसेल त्या विहिरीवर भिजायचं, अर्धा तास बरं वाटायचं, मग पाणी आटून घामाचं मीठ तेवढं कापडात राहायचं. टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या, नकाशात नद्या दाखवतात तशा. पाय फाकवून चालायला लागलो. सरांनी मागे वळून पाहिलं आणि विचारलं, काही होतंय का? मी म्हटलं, सॅकेचा तोल सांभाळायला असं चालतात, मी वाचलंय. त्या रात्री बाईचे धपाटे मी उभ्यानं खाल्ले, आणि म्हणालो, पचायला बरं पडतं.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मी मागे पडत गेलो. सरांनी पुन्हा विचारलं तेव्हा पक्षी बघतोय असं सांगितलं होतं. मे महिन्यात दुपारी बारा वाजता बागलाणात पक्षीसुद्धा कुठे नव्हता. टेकाडाच्या अलीकडे एक कांद्याची चाळ होती. बांबूची, खालून हवा खेळती ठेवलेली, आणि तिच्या सावलीत एक मावशी कांदे निवडत बसली होती. चाळीस-पंचेचाळीसची, हाताचा वेग बघण्यासारखा. मी तिच्यासमोरून छाती काढून जायचं ठरवलं. चार पावलं गेलो आणि गुडघ्यातून खाली बसलो. सॅकेनं मला मागे ओढलं आणि मी उलटलेल्या कासवासारखा उताणा, आभाळाकडे बघत राहिलो.

"काय व्हयनं रे भाऊ?" मावशी उठली नाही, आधी हातातला कांदा ढिगात टाकला. मग येऊन तिनं माझी सॅक सोडवली, सावलीत ओढलं, गुळाचा खडा दिला आणि तांब्या पुढे केला. पाणी हळूहळू प्यायचं असं हातानंच दाखवलं. मग माझ्या बसण्याकडे एकदा पाहिलं, जीन्सकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. लाजेनं मी तिला माझं शास्त्र सांगायला लागलो. आमचा मळा आहे, आम्ही कोथिंबीर ओल्या गोणपाटात नेतो, ती दिवसभर ताजी राहते, म्हणून मी. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"कोथमीर चालस का भाऊ?" ती म्हणाली. "तिले गाडीवर लई जातस."

एवढं बोलून ती पुन्हा कांद्यांकडे गेली. माझ्या घरातल्या तीन पिढ्यांच्या विज्ञानातली चूक दाखवायला तिला दोन वाक्यं पुरली. त्या वेळी मला हसू आलं नाही. आता हे लिहितानासुद्धा येत नाही, पण सांगताना मी नेहमी हसतो.

नंतर तिनं घरातून एक जुनेर आणलं. विटलेल्या हिरव्या रंगाचं, जांभळ्या काठाचं, धुऊन धुऊन पार मऊ झालेलं. मधोमध टर्रकन फाडून अर्धं माझ्याकडे फेकलं, सोबत खोबरेल तेलाची बाटली, आणि चाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठमोरी बसली. मी जीन्स उतरवली. ती आपली आपण उभी राहील इतकी ताठ झाली होती. तेल लावलं, आणि नाना नेसतात तसं ते लुगडं धोतरासारखं नेसलो. कधी शिकलो नव्हतो, पण हाताला येत होतं.

सर आणि प्रकाश मला शोधत माघारी आले तेव्हा मी काळा टी-शर्ट आणि हिरवं लुगडं अशा वेशात कळण्याची भाकरी आणि ठेचा खात होतो. प्रकाश हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. सरांनी जीन्सकडे पाहिलं, तिच्या आतल्या बाजूचे डाग पाहिले.

"सॅक प्रकाशकडे दे."

मी म्हणालो, मी नेतो सर, आता बरंय. सर त्याच आवाजात पुन्हा म्हणाले, "सॅक प्रकाशकडे दे." प्रकाशनं माझ्याकडे न बघता ती उचलली, पोटाशी घेतली, आणि दीड दिवस वाहिली. पाठीवर स्वतःची, पोटावर माझी. त्यात दाढीचं सामान होतं हे आठवून मला वाटेत दोन-तीनदा मेल्यासारखं झालं.

त्या दीड दिवसात मी लुगड्यात मोकळा चाललो. पायांत वारा खेळत होता. बागलाणचे डोंगर किती एकाआड एक उभे आहेत, संध्याकाळी त्यांच्या कड्यांवर ऊन किती वेळ रेंगाळतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. आधीचे अडीच दिवस मी फक्त पुढची विहीर शोधत होतो. मला हे काम खरंच आवडलं असतं. ते नीट कळलं तेव्हा ते हातातून गेलेलं होतं.

सटाण्याच्या स्टॅंडवर चहा घेताना सरांनी मला बाजूला बोलावलं. मी कपड्यांबद्दल माफी मागायला लागलो. त्यांनी थांबवलं. म्हणाले, "चुकीचे कपडे मीही घातलेत. तुला पहिल्या संध्याकाळी कळलं होतं ना?" मी हो म्हणालो. "आणि मी तीनदा विचारलं. उद्या माझ्या मागे चाळीस पोरं असतील. शेवटचा माणूस मला खरं सांगणारा पाहिजे." एवढंच. चहाचे पैसे त्यांनीच दिले. प्रकाश पुढे कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर राहिला, आणि सर थकल्यावर सगळं त्यानंच सांभाळलं.

घरी पोहोचलो तेव्हा बाई माझा अवतार बघून इतकी हसली की तिला ओट्याचा आधार घ्यावा लागला. नाना हसले नाहीत. त्यांनी माझं धोतर कसं नेसलंय ते मागून-पुढून पाहिलं, एक निरी जरा सारखी केली, आणि म्हणाले, सोमवारी मामा आठला येईल.

सोमवारी मामानं स्वतःची टेरिकॉटची पॅंट आणली होती. इंटरव्ह्यूला धोतर चालत नाही. बाहेरच्या खोलीत सात-आठ पोरं खुर्च्यांवर बसली होती. मी बसून पाहिलं आणि ताबडतोब उठलो. दीड तास भिंतीपाशी उभा राहिलो. आत बोलावलं तेव्हा साहेब म्हणाले, बसा. मी म्हटलं, नको साहेब, उभाच बरा. त्यांनी फाइल चाळली, चार प्रश्न विचारले, पुन्हा म्हणाले, बसा की. मी पुन्हा नको म्हणालो. मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"बाहेर किती वेळ उभे होतात?"

"दीड तास साहेब."

"मशिनवर आठ तास उभं राहावं लागतं. सकाळपासून जो आला त्यानं आधी खुर्ची ओढली."

इथं खरं सांगता आलं असतं. दोन दिवसांपूर्वीच ते न सांगितल्यामुळे एक आयुष्य हातचं गेलं होतं. साहेब चांगले होते, हसले असते आणि कदाचित घरीही पाठवलं असतं. मी खाली फरशीकडे बघितलं आणि म्हणालो, उभं राहायची मला सवय आहे. एकतीस वर्षं त्या कंपनीत काढली, त्यातली बावीस मशिनसमोर उभ्यानं.

बाहेर आलो तर मामा शिफ्ट सोडून फाटकापर्यंत आला होता. घेतलं, असं सांगितल्यावर त्यानं पाठीवर थाप मारली आणि मला बसमध्ये बसवून दिलं, म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे. दुपारची वेळ होती, बस जवळजवळ रिकामी होती. अंबडपासून सीबीएसपर्यंत मी दांडीला धरून उभा होतो. कंडक्टर तिकीट देऊन पुढे गेला, परत आला, माझ्याकडे आणि रिकाम्या बाकांकडे आळीपाळीनं बघून म्हणाला, जागा आहे ना, बसा. मी म्हटलं, दिसतीये.